डिस्ने वर्ल्डमध्ये ‘त्याच दिवशी काहीच मिळत नाही’ हे खरं नाही

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सुट्ट्या जवळ आल्या की एक मजकूर फिरायला लागतो. शब्द इकडेतिकडे होतात, गाभा तोच असतो: “ऑरलँडोच्या डिस्ने वर्ल्डमध्ये आता सगळ्या राइड आधीच बुक होतात. सात दिवस आधी सकाळी सातच्या ठोक्याला बुकिंग केलं नाही तर एकही चांगली राइड मिळत नाही. त्याच दिवशी काहीही शिल्लक राहत नाही. डिस्नेच्याच हॉटेलात राहा, घरातल्या प्रत्येकाचा पास काढा, नाहीतर जाऊ नका. पूर्वी हे फुकट आणि सोपं होतं. कॅलिफोर्नियातही आता असंच झालंय.”

यातली काही वाक्यं अर्धी खरी आहेत, म्हणूनच हा मजकूर मरत नाही. पण त्याचे परिणाम बघवत नाहीत. आई-वडील काही महिन्यांसाठी आलेले असतात, पुन्हा एवढा प्रवास झेपेल की नाही याची खात्री नसते, नातवंडांबरोबर एक दिवस डिस्नेला जायचं घाटत असतं. तेवढ्यात हा मजकूर येतो आणि कुणी बेतच रद्द करतं, तर कुणी घाबरून गरज नसलेले शेकडो डॉलर मोजून मोकळं होतं. म्हणून एकेक दावा तपासून बघू.

“बुकिंग नसेल तर राइडमध्ये बसायलाच मिळत नाही.”

हे साफ चूक आहे. इथे तीन वेगवेगळ्या गोष्टींची खिचडी झाली आहे.

पहिली, पार्कात शिरण्याचं आरक्षण. करोनानंतर जुलै २०२० मध्ये पार्क उघडली तेव्हा तिकिटाबरोबरच कोणत्या दिवशी कोणत्या पार्कात जाणार हेही नोंदवावं लागायचं. तारखेच्या साध्या तिकिटांसाठी ही अट ९ जानेवारी २०२४ पासून गेली. दुसरी, व्हर्च्युअल क्यू, म्हणजे ॲपवरची रांग. डिसेंबर २०१९ मध्ये डिस्ने वर्ल्डच्या चार पार्कांपैकी हॉलिवूड स्टुडिओजमध्ये ‘राइज ऑफ द रेझिस्टन्स’ ही राइड सुरू झाली तेव्हा तिला उभं राहायची रांगच नव्हती. ॲपवर बोर्डिंग ग्रुप, म्हणजे आत जायचा नंबर, मिळाला तरच प्रवेश, आणि ते ग्रुप सकाळी बघता बघता संपायचे. “सकाळी चुकलात तर संपलं” हे त्या काळात, त्या राइडबाबत खरं होतं. पण तो प्रकार मोजक्या नव्या राइडपुरता होता, त्याला पैसे पडत नव्हते, आणि राइज ऑफ द रेझिस्टन्सला आता कित्येक वर्षं साधी रांग आहे.

तिसरी गोष्ट लाइटनिंग लेन. सगळी धास्ती आहे ती हिचीच. पैसे देऊन मिळणारी ती दुसरी, छोटी रांग आहे. तिच्या शेजारी नेहमीची रांग असतेच. लाइटनिंग लेन घेतली नाही तर जास्त वेळ उभं राहावं लागतं, पण राइडचं दार बंद होत नाही. शिवाय मॅजिक किंगडम या पार्कातली पीपलमूव्हर ही संथ गाडी, कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस, पार्काला फेरी मारणारी वाफेची रेल्वे यांना लाइटनिंग लेनच नाही. तिथे पास असलेला आणि नसलेला एकाच रांगेत असतो.

“सकाळी सातला सगळं संपतं, त्याच दिवशी काही उरत नाही.”

या दाव्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

२४ जुलै २०२४ पासूनची व्यवस्था अशी आहे. मल्टी पास, म्हणजे बहुतेक राइडच्या लाइटनिंग लेनसाठीचा एकत्र पास, घेतला की एका पार्कातल्या तीन राइडच्या वेळा आधी ठरवता येतात. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना सात दिवस आधीपासून, बाकीच्यांना तीन दिवस आधीपासून, ऑरलँडोच्या घड्याळाने सकाळी सातला. (पुण्यात त्या वेळी उन्हाळ्यात दुपारचे साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच वाजलेले असतात, त्यामुळे विमानात बसण्याआधी घरूनही हे काम होतं.) मजकूर इथेच थांबतो. पुढचा भाग त्यात येतच नाही: त्या तीन राइडपैकी पहिली वापरून झाली की चौथी निवडता येते, मग एक वापरली की आणखी एक, असं दिवसभर चालतं. म्हणजे आगाऊ मिळतात त्या फक्त तीन. त्यापुढची प्रत्येक निवड त्याच दिवशी होते, सात दिवस आधी जागे राहिलेल्यांचीसुद्धा. त्याच दिवशी काही उरतच नसतं तर ही व्यवस्था चाललीच नसती.

आगाऊ निवडीला आणखी एक अट आहे, तीही कुणी सांगत नाही. मॅजिक किंगडम, एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज या तीन पार्कांत राइडचे दोन गट आहेत. आधी निवडताना मोठ्या मागणीच्या गटातली एकच घेता येते, उरलेल्या दोन दुसऱ्या गटातल्या. मॅजिक किंगडममध्ये पीटर पॅन्स फ्लाइट आणि जंगल क्रूझ दोन्ही हव्या असतील तर आगाऊ एकच मिळणार, मग तुम्ही सातच्या ठोक्याला बसा की सातच्या आधी. पहिली राइड वापरल्यावर मात्र ही गटांची अट उरत नाही. दुसरी मोठी राइड मिळवायचा रस्ता त्याच दिवशीच उघडतो.

पण भरलेल्या वेळा पुन्हा रिकाम्या होतात कशा? आठवडाभर आधी दुपारी १२:१० ची वेळ घेणाऱ्याला त्या दिवशी मूल झोपेल, पाऊस येईल, जेवायला उशीर होईल हे माहीत नसतं. तो वेळ बदलतो किंवा सोडून देतो, आणि ती जागा लगेच सगळ्यांना दिसू लागते. हजारो कुटुंबं दिवसभर हेच करत असतात. पार्कही दिवसाच्या ओघात नव्या जागा सोडत असतं. फोनवर हे स्वच्छ दिसतं: सकाळी साडेदहाला एखाद्या राइडपुढे रात्री ८:४० लिहिलेलं असतं, बोटाने यादी खाली ओढून ताजी केली तर तेच, पुन्हा तेच, मग अचानक १:१५. दोन-तीन सेकंद विचार केला तर ती गेलेली असते, म्हणून आधी घ्यायची आणि मग घरच्यांना विचारायचं. नको असेल तर परत सोडता येते. एवढं करायला रांगेत उभं असतानाचा रिकामा वेळ पुरतो.

आता जे खरं आहे तेही सांगायला हवं. हॉलिवूड स्टुडिओजमधली स्लिंकी डॉग डॅश खरोखरच लवकर संपते. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात, किंवा शाळांच्या वसंतातल्या सुट्टीत, दुपारनंतर चांगल्या वेळा विरळ होतात. ॲनिमल किंगडममधल्या ‘अवतार फ्लाइट ऑफ पॅसेज’सारख्या काही राइड मल्टी पासमध्ये येतच नाहीत. त्यांचा सिंगल पास वेगळा विकत घ्यावा लागतो आणि गर्दीच्या दिवशी तोही संपतो. या राइड तुमच्या यादीत सगळ्यात वर असतील तर आधी बुक करा, नक्की करा. पण ही मूठभर नावं दाखवून अख्ख्या चार पार्कांवर “काही उरत नाही” असा शिक्का मारणं हा खोटेपणा आहे.

आणखी एक गोष्ट या वादात कुणी बघत नाही. आरक्षणाने राइडमध्ये एकही खुर्ची वाढत नाही. पीटर पॅनच्या आतल्या वळणावर जिथे दोन रांगा एकत्र येतात तिथे एक कर्मचारी उभा असतो. हात आडवा धरून नेहमीची रांग थांबवतो, लाइटनिंग लेनमधून मोठा घोळका सोडतो, मग नेहमीच्या रांगेतली दोन-तीन कुटुंबं, मग पुन्हा घोळका. समजा एका राइडमध्ये तासाला १,००० माणसं बसतात आणि त्यातली ७०० लाइटनिंग लेनची आहेत. नेहमीच्या रांगेला उरल्या ३०० जागा. पुढे ४५० माणसं असतील तर दीड तास लागणार. हीच ४५० माणसं, पण लाइटनिंग लेनमध्ये २०० च लोक असतील, तर पाऊण तासही लागत नाही. सकाळी पार्क उघडतं तेव्हा नेमकं हेच असतं. दोन्ही रांगा रिकाम्या असतात आणि सगळ्या खुर्च्या आलेल्याला मिळतात. दहा वाजता पोचून हातात पास असलेल्या कुटुंबापेक्षा उघडण्याच्या अर्धा तास आधी दारात उभं असलेलं बिनापासाचं कुटुंब साडेदहापर्यंत जास्त राइड करून मोकळं झालेलं असतं.

“डिस्नेच्याच हॉटेलात राहायला हवं.”

सात दिवस आणि तीन दिवस हा फरक आहे आणि तो स्लिंकीसारख्या राइडला जाणवतो. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना रोज अर्धा तास आधी पार्कात शिरता येतं, हा फायदा तर मला बुकिंगपेक्षा मोठा वाटतो. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर राहावं. पण पाच माणसांचं कुटुंब, एकच दिवस पार्क, बाकी दिवस ऑरलँडोतल्याच नातेवाइकांकडे मुक्काम, असा बेत असेल तर बुकिंग फक्त चार दिवस लवकर उघडावं म्हणून हॉटेलचे पैसे भरणं मला पटत नाही.

“पूर्वी फुकट होतं आणि सोपं होतं.”

फुकट होतं, हे खरं. १९९९ मध्ये फास्टपास, म्हणजे लाइटनिंग लेनचा पूर्वज, आला तेव्हा राइडपाशी जाऊन यंत्रात तिकीट घालायचं, वेळ छापलेली चिठ्ठी घ्यायची. एक पैसा लागत नसे. पैसे सुरू झाले १९ ऑक्टोबर २०२१ ला, मल्टी पासच्या आधीची जिनी प्लस ही व्यवस्था आली तेव्हा, माणशी दिवसाला १५ डॉलर. पुढे पार्क आणि तारखेनुसार दर बदलू लागले आणि गर्दीत ३० डॉलरच्या वर गेले. याबद्दलचा राग रास्त आहे, माझाही आहे.

पण सोपं? फास्टपासच्या पुढच्या आवृत्तीच्या, फास्टपास प्लसच्या काळात, म्हणजे २०१४ च्या सुमारापासून २०२० पर्यंत, डिस्नेच्या हॉटेलात राहणारे ६० दिवस आधी बुकिंग करायचे आणि बाकीचे ३० दिवस आधी. आजच्या सात आणि तीन दिवसांपेक्षा ते कितीतरी लांबचं होतं. भारतातून व्हिसा हातात येऊन तारखा पक्क्या होईपर्यंत साठावा दिवस केव्हाच उलटून गेलेला असायचा. जिनी प्लसमध्ये तर आगाऊ बुकिंगच नव्हतं, पहिली निवडही त्याच दिवशी सकाळी सातला. म्हणजे आगाऊ मुदत ६० दिवस, मग शून्य, मग सात अशी बदलत आली आहे. “पूर्वी सगळं सोपं होतं, आता अवघड झालं” हे या इतिहासात सरसकट बसत नाही.

“कॅलिफोर्नियातही तसंच.”

नाही. ॲनाहाइमच्या डिस्नेलँडमध्ये मल्टी पासचे पैसे तिकिटाबरोबर आधी भरता येतात, पण राइडची वेळ निवडता येते ती त्या दिवशी पार्कात शिरल्यावरच. सात दिवस, तीन दिवस हा हिशेब तिथे नाहीच.

“घरातल्या प्रत्येकाचा पास काढा.”

खिशाला सगळ्यात जास्त हाच सल्ला लागतो. पास माणशी असतो आणि घरातल्या निवडक माणसांपुरता घेता येतो. तीन वर्षांखालच्या मुलाला पार्काचं तिकीटच लागत नाही, मग पास कशाला? आजी-आजोबा स्पेस माउंटनसारख्या रोलर कोस्टरमध्ये बसणार नाहीत हे घरात सगळ्यांना माहीत असतं. त्यांना आवडतील अशा पीपलमूव्हर, रेल्वे, संचलन, रात्रीची आतषबाजी यांतल्या कशालाच मल्टी पास लागत नाही. एपकॉटमधल्या वेगवेगळ्या देशांच्या मंडपांतून फिरायलाही लागत नाही, आणि तिथे बसायला बाकं आहेत, सावली आहे. मोठी दोन मुलं आणि एक पालक यांच्यापुरता पास काढला तर पाचऐवजी तीन माणसांचे पैसे जातात.

लहान मूल उंचीत बसत नसेल तर राइडच्या तोंडाशी उभ्या कर्मचाऱ्याला ‘रायडर स्विच’ हवं असं सांगा. एक पालक मुलाबरोबर बाहेर थांबतो, दुसरा जाऊन येतो, मग थांबलेला पालक ती लांब रांग पुन्हा न लावता आत जातो. याला पैसे नाहीत. एकट्याने बसायची तयारी असेल तर एक्स्पेडिशन एव्हरेस्ट आणि मिलेनियम फाल्कन या राइडना सुट्या माणसांची वेगळी रांग आहे, तीही फुकट. चौदा वर्षांच्या मुलाला तर आई-बाबांशेजारी बसायची हौस नसतेच.

आणि तो प्रीमियर पास, ज्याची जाहिरात मजकुराच्या काही नव्या आवृत्त्यांत असते? ऑक्टोबर २०२४ अखेरीस तो आला तेव्हा पार्क आणि तारखेनुसार माणशी १२९ ते ४४९ डॉलर दर होता. वेळ न ठरवता प्रत्येक लाइटनिंग लेनमधून एकदा जाता येतं, बाकी काही नाही. पाच जणांचा हिशेब तुम्हीच करा, आणि ते पैसे भरण्याआधी आणखी एक नियम ध्यानात असू द्या: पार्क रात्री दहाला बंद होणार असेल तर दहाच्या आधी जो नेहमीच्या रांगेत शिरला त्याला राइड मिळते, मग पाटीवर कितीही मिनिटं लिहिलेली असोत. लहान मुलांची कुटुंबं आतषबाजीनंतर बसकडे वळलेली असतात. त्या वेळी पावणेदहाला मोठ्या मुलाला घेऊन सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनच्या रांगेत उभं राहायला ना सात दिवस लागतात, ना एक डॉलर.