राउटरचा फायरवॉल बंद करू नका

‘राउटरमधला फायरवॉल आजच बंद करा’ असं सांगणारा एक लांबलचक संदेश सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतो आहे. त्यात चार दावे आहेत. फायरवॉलमुळे, म्हणजे बाहेरून न मागता येणारा डेटा अडवणाऱ्या पहारेकऱ्यामुळे, नेटचा वेग निम्मा होतो. नॅट (घरातल्या सगळ्या उपकरणांना बाहेर एकच पत्ता वापरू देणारी राउटरमधली सोय) असल्यावर फायरवॉल लागतच नाही. गेम अडखळत असेल तर कॉम्प्युटर राउटरमधल्या डीएमझेड या पर्यायात टाका. आणि अँटिव्हायरस असला की बाकी काही नको. हा संदेश वाचून माझ्या मावशीने सेटिंग बंदही करून टाकलं, म्हणून एकेका दाव्याचं उत्तर देतो.

वेगाबद्दल थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य. क्यूओएस (कोणत्या वापराला आधी वाट द्यायची ते ठरवणारी सोय), पेरेंटल कंट्रोल किंवा वेबसाइट-फिल्टर चालू केला की काही राउटरमध्ये प्रत्येक पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, मुख्य प्रोसेसरकडे जातं, आणि शेकडो एमबीपीएसच्या जोडणीवर तो कमी पडतो. पण साधा स्टेटफुल (चालू जोडण्या लक्षात ठेवणारा) फायरवॉल प्रत्येक पॅकेटसाठी जोडण्यांच्या तक्त्यात फक्त एक नोंद शोधतो. नॅटलाही तोच तक्ता लागतो. म्हणजे फायरवॉल बंद केला तरी ते काम टळत नाही. खात्री करायची असेल तर वेग केबल लावून मोजा, वाय-फायवर नाही.

सगळ्यात घातक दावा नॅटचा, कारण तो अर्धा खरा वाटतो. लॅपटॉपने एखाद्या साइटकडे जोडणी मागितली की राउटर पाच गोष्टी टिपून ठेवतो: दोन्हीकडचे आयपी पत्ते, दोन्हीकडचे पोर्ट (उपकरणावरच्या एकेका सेवेचे क्रमांक) आणि प्रोटोकॉल (बोलण्याची ठरलेली पद्धत). बाहेरून आलेलं पॅकेट या नोंदीशी जुळलं तर आत जातं. जुळलं नाही, तर ते आतल्या कोणाला द्यायचं हेच नॅटला कळत नाही, म्हणून ते आत पोहोचत नाही. हे संरक्षण खरं, पण ते पत्ते बदलण्याच्या कामातून आपोआप घडलेलं आहे. कोणाला अडवायचं असा नियम नॅट करत नाही. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफने २००७ साली आरएफसी ४८६४ या दस्तऐवजात हेच स्पष्ट लिहिलं: नॅटची ही भूमिका फायरवॉल म्हणून विकली जाते, पण खऱ्या फायरवॉलमधलं उघड, नेमकं नियंत्रण तिच्यात नसतं. आयपीव्ही६ वर, म्हणजे इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीवर, नॅटशिवाय हे संरक्षण कसं मिळवायचं, हाच त्या दस्तऐवजाचा विषय आहे.

आणि खरी गोम तिथेच आहे. आयपीव्ही६ मध्ये सहसा नॅट नसतोच. प्रिंटर, कॅमेरा, टीव्ही, प्रत्येकाला थेट जगातून गाठता येईल असा पत्ता मिळतो. बाहेरच्या माणसात आणि तुमच्या कॅमेऱ्यात उभा असतो तो फक्त राउटरचा फायरवॉल. एका उपजाळ्यात (घरातल्यासारख्या एका छोट्या जाळ्यात) २ चा ६४ वा घात इतके पत्ते असतात, त्यामुळे आंधळेपणाने शोधणं अवघड, हे बरोबर. पण उपकरण ज्या ज्या सर्व्हरशी बोलतं त्याला आपला पत्ता स्वतःच देऊन येतं.

तपासून पाहा. कॅमेऱ्याचं किंवा प्रिंटरचं सेटिंग पान घरात ब्राउझरमध्ये उघडत असेल, तर त्याचा २ किंवा ३ ने सुरू होणारा आयपीव्ही६ पत्ता घ्या (एफई८० ने सुरू होणारा नको, तो घराबाहेर चालत नाही). फोनचं वाय-फाय बंद करा, आयपीव्ही६ असलेल्या मोबाइल डेटावरून तो पत्ता चौकटी कंसात टाकून उघडा. पान दिसलं, तर दार उघडं आहे. पिंगवर (उपकरण उत्तर देतं का ते पाहणाऱ्या चाचणीवर) विसंबू नका. काही फायरवॉल पिंगला मुद्दाम वाट देतात. आणि घाबरून आयसीएमपीव्ही६ (आयपीव्ही६ मधले चुकांचे आणि तपासणीचे निरोप) सरसकट अडवूही नका: ‘पॅकेट फार मोठं आहे’ हा निरोप परत आला नाही तर काही साइट अर्ध्यावर अडकतात.

डीएमझेडचा सल्ला तर सरळ नुकसान करणारा आहे. खरा डीएमझेड म्हणजे वेगळं जाळं. घरगुती राउटरमधला त्या नावाचा पर्याय, इतर कुठल्या नोंदीशी न जुळणारी बाहेरची सगळी पॅकेटं एकाच कॉम्प्युटरकडे पाठवतो, आणि तो कॉम्प्युटर बाकीच्यांच्याच जाळ्यात राहतो. तो पडला की पुढचा हल्ला आतून होतो, आणि तिथे राउटरचा फायरवॉल मध्ये येतच नाही. २०१७ चा वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस फाइल शेअरिंगच्या ४४५ पोर्टवरूनच पसरला होता. गेमला जो पोर्ट हवा तेवढाच त्या कॉम्प्युटरकडे फॉरवर्ड करा (वळवा) आणि त्या कॉम्प्युटरचा आयपी डीएचसीपीमध्ये (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या सोयीत) राखून ठेवा, नाहीतर पुढे तोच पत्ता दुसऱ्या उपकरणाला मिळेल आणि पोर्ट त्याच्याकडे उघडेल.

अँटिव्हायरस कॅमेऱ्यात बसवता येत नाही. २०१६ मध्ये मिराई या व्हायरसने कॅमेरे आणि डीव्हीआर (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारे रेकॉर्डर) टेलनेटवर (दुरून लॉगिन करण्याच्या जुन्या सोयीवर), कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरूनच ताब्यात घेतले. फसव्या लिंकवर तुम्ही स्वतः क्लिक केलंत तर फायरवॉल वाचवणार नाही, हेही खरं. पण म्हणून तो बंद करायचा?

ज्यांनी सेटिंग बदललं असेल त्यांनी फायरवॉल चालू करावा. आयपीव्ही६ साठी वेगळं पान असेल तर तिथलाही. डीएमझेड, यूपीएनपी (उपकरणांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) आणि बाहेरून राउटर चालवण्याची सोय बंद करावी. पोर्ट फॉरवर्डिंगची यादीही उघडून पाहावी: फायरवॉल पुन्हा चालू केल्याने तिथल्या जुन्या नोंदी पुसल्या जात नाहीत.