हार्नेसची ती घडी मी शिवून देणार नाही

परवा धाकटा भाऊ हार्नेस, म्हणजे उंचीवर काम करताना अंगाला बांधायचे सुरक्षेचे पट्टे, घेऊन माझ्या मशीनपाशी आला. “ताई, एवढी घडी शिवून दे. दोरा जाड घाल.” तो परांचीवर चढून इमारतींचं रंगकाम करतो आणि मी शिवणकाम करते, त्यामुळे त्याला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. कुणी सांगितलं शिवायला, असं विचारल्यावर त्याने मोबाइल पुढे केला. त्याच्या कामावरच्या ग्रुपमध्ये आलेला मेसेज होता आणि खाली वीसेक अंगठे.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: हार्नेसच्या पाठीवरची लाल पट्टी ही नवा माल खपवायची कंपन्यांची युक्ती आहे. घडी उघडली तर जाड दोऱ्याने शिवून घ्या, हार्नेस पहिल्यासारखा होतो. शॉक अॅब्सॉर्बर (दोराला जोडलेली, झटका जिरवणारी पिशवी) फाटला तर आतला पट्टा गुंडाळून टेप लावा. पट्टी उघडलीच नसेल तर तपासत बसू नका. मळला तर ब्लीचमध्ये भिजवा.

लाल पट्टीचंच आधी बोलते, कारण ती हातात घेऊन मी नीट पाहिली आहे. पाठीवरच्या डी-रिंगजवळ, म्हणजे दोर अडकवायच्या कडीजवळ, पट्ट्याची एक घडी घातलेली असते आणि ती मुद्दाम कमजोर टाक्यांनी धरलेली असते. आपण कापड पक्कं शिवण्याआधी कच्चे टाके घालतो, ओढले की निघावेत म्हणून. तोच हा प्रकार. माणूस पडला आणि पट्ट्याला हिसका बसला की हे टाके तुटतात, घडी उलगडते आणि आतलं लाल कापड बाहेर दिसतं. भावाच्या हार्नेसवर टाक्यांची भोकं एका बाजूला ओढून लांबट झाली होती, तुटक्या दोऱ्यांची टोकं पिंजलेली होती. असं काही कपाटात ठेवून होत नाही. चांगलाच जोर बसलेला आहे.

मी त्याला विचारलं, “तू कधी पडलास?” तो म्हणाला, “मी नाही पडलो. हा साईटवरच्या ढिगातला आहे.”

म्हणजे याआधी तो घालून दुसराच कुणीतरी पडला. माझ्या भावाला हे सांगणारी एकच गोष्ट त्या हार्नेसवर होती, ते बोटभर लाल कापड. आणि मेसेज म्हणतो तेच शिवून टाका! त्याने हार्नेस दुरुस्त होत नाही. फक्त पुढच्या माणसाला कळायचं बंद होतं. वर जाड दोरा घातला तर घडी पुढच्या पडण्याला उघडणारही नाही, मग पट्ट्याने दोन हिसके खाल्लेत हे कुणालाही कळणार नाही.

शिवणारी म्हणून आणखी एक सांगते. अठरा नंबरची सुई विणलेल्या पट्ट्यातून काढली की प्रत्येक टाक्याला काही धागे कापले जातात. कपड्याला ते चालतं, कारण कपड्यावर माणूस लटकत नाही. हार्नेसचे मूळ भार घेणारे टाके पाहिलेत? ते पट्ट्याहून वेगळ्या रंगाचे असतात. शोभेसाठी नव्हे. एखादा धागा तुटला तर डोळ्यांना लगेच दिसावा म्हणून ईएन ३६१ या युरोपीय मानकातच तसं सांगितलेलं आहे. त्यात मी घरचा दोरा मिसळला तर तपासणारा काय ओळखणार?

नियमाचं म्हणाल तर अमेरिकेच्या ‘ओशा’ या कामगार सुरक्षा संस्थेचा १९२६.५०२ हा नियम स्पष्ट आहे. पडण्याचा झटका बसलेलं साहित्य ताबडतोब वापरातून काढायचं आणि जाणकार व्यक्तीने तपासून ते शाबूत आहे असं ठरवेपर्यंत परत वापरायचं नाही. कुणी म्हणेल, बघा, नियमातही लगेच फेकून द्या असं नाही. बरोबर, नाही. पण हार्नेससोबत येणारं माहितीपत्रक उघडा. पट्टी उघडलेला हार्नेस बाद करा, असंच त्यात बहुतेक वेळा असतं. आणि ती जाणकार व्यक्ती मी नाही. शिवणकामाचा कितीही अनुभव असला तरी नाही.

कंपनीचा नवा हार्नेस खपतो हे खरं आहे. म्हणून लाल पट्टी खोटी ठरत नाही.

शॉक अॅब्सॉर्बरचा सल्ला तर थेट जीव घेणारा आहे. त्या पिशवीत दोन पट्टे एकमेकांना शिवलेले किंवा विणलेले असतात. पडल्यावर ते उसवत जातात आणि त्या उसवण्यातच झटका जिरतो. हिशोब सोपा आहे. दोन मीटर पडलेला माणूस अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबला तर दोरावर सरासरी त्याच्या वजनाच्या ५ पट जोर येतो. तोच दहा सेंटिमीटरमध्ये थांबला तर २१ पट. उसवलेला पट्टा गुंडाळून टेप लावलात तर पुन्हा उसवायला आत काही उरलेलंच नाही. ईएन ३५५ मानकात हा जोर ६ किलोन्यूटनच्या वर जाऊ द्यायचा नाही असं आहे, म्हणजे साधारण ६०० किलो वजनाइतका. ८० किलोच्या माणसाला २१ पट म्हणजे किती, ते मेसेज लिहिणाऱ्याने स्वतः गुणून पाहावं.

पट्टी उघडली नसेल तर तपासू नका, हेही चूक. न उघडलेली पट्टी एवढंच सांगते की मोठा झटका बसला नसावा. वेल्डिंगची ठिणगी, कडेवर घासून पडलेली चीर, उन्हाने विरलेला धागा, सांडलेलं रसायन यातलं काहीही ती सांगत नाही. पट्टा दोन्ही हातांत वीतभर अंतरावर धरून उलट्या ‘यू’सारखा वाकवा, तुटके धागे वर उभे राहतात. दर वेळी घालण्याआधी, दोन्ही बाजूंनी.

धुवायला हवा, हे मात्र मान्य. मळाखाली चीर लपते. पण सौम्य साबण आणि साधं पाणी, वाळवायचा सावलीत. ब्लीच अजिबात नको, धागा कमजोर होतो.

भावाने दुसऱ्या दिवशी सुपरवायझरला हार्नेस दाखवला आणि दुसरा मागून घेतला. जुना त्याने घरी आणला. मी मोठी कात्री घेऊन त्याचे खांद्याचे आणि मांड्यांचे पट्टे कापले. तो म्हणाला, “टाकायचाच आहे तर कापतेस कशाला?” म्हटलं, “कचऱ्यातून उचलून कुणी घालू नये म्हणून.” मग त्याने पट्टा ताणून धरला, आणि डी-रिंगजवळचा जाड भाग आम्ही दोघांनी मिळून कापला.