२४ व्होल्टच्या लाइनवर २५ व्होल्टचा टँटलम कपॅसिटर लावायचं बंद करा!

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीचं आणखी एक कंट्रोल कार्ड टेबलावर येऊन पडलंय. मधोमध काळाकुट्ट डाग, ट्रॅक उडालेले, बोर्डाचा कोळसा झालेला. शेजारी शाबूत राहिलेल्या टँटलम कपॅसिटरवर काय छापलंय? १० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट. आणि लाइन २४ व्होल्टची! २५ लिहिलंय म्हणून २४ ला चालतंय, हे तुम्हाला शिकवलं कुणी?

साधा मँगनीज डायऑक्साइडचा टँटलम पॉवर लाइनवर छापलेल्या व्होल्टेजच्या निम्म्यालाच वापरायचा असतो. १२ ला २५ चा, २४ ला ५० चा. आतला वीज अडवणारा टँटलम ऑक्साइडचा थर अतिशय पातळ असतो, त्यात कुठंतरी बारीक दोष असतोच. करंट मर्यादित असेल तर मँगनीज डायऑक्साइड तापून तेवढी जागा स्वतःच बंद करतो. पण एसएमपीएस, म्हणजे कार्डाला डीसी पुरवणारा पॉवर सप्लाय, चालू झाल्या झाल्या करंटचा लोंढा आत घुसला की थर फुटतो आणि सरळ शॉर्ट होतो. तापलेला मँगनीज डायऑक्साइड ऑक्सिजन सोडतो, टँटलम धातू त्यात पेट घेतो. बाहेरची हवासुद्धा लागत नाही! ॲल्युमिनियमचा कपॅसिटर बहुतेक वेळा हळूहळू सुकतो, रिपल (डीसीतला चढउतार) वाढतो, आधी कळतं तरी. हा कळवत नाही. लाइट गेली आणि आली, प्रत्येक वेळी तोच लोंढा, आणि आपल्याकडं लाइट किती वेळा जाते ते सांगायला नको.

वर काही दुरुस्तीवाले उलटा लावतात, ते वेगळंच! अरे बाबांनो, ॲल्युमिनियमवरची पट्टी मायनसची असते, चिप टँटलमवरची प्लसची. एवढं बघायला किती वेळ लागतो? टँटलम उलटा व्होल्टेज जवळजवळ सोसतच नाही.

सगळ्यात संताप दुकानातल्या उत्तराचा येतो. ५० चा मागितला की, "तो न्हाई, २५ चा न्या की, काय हुत न्हाई." काय हुत न्हाई? पॅनेल पेटतं, मोल्डिंगची पोरं धूर खात पळतात, लाइन बंद पडते, आणि बोलणी खायला मी! डिझाइन करणारेही कमी नाहीत. दोन रुपये वाचवायला २५ चा टाकायचा आणि वॉरंटी संपली की हात वर करायचे. मँगनीज डायऑक्साइडऐवजी पॉलिमर असलेल्या टँटलमला १० ते २० टक्के मार्जिन पुरतं, तो असा पेटतही नाही, पण तो महाग म्हणून नको. सिरॅमिक टाकायचा तर डीसी व्होल्टेज चढल्यावर त्याचे मायक्रोफॅरड किती उरतात हे डेटाशीट उघडून बघायचं नाही. डेटाशीट फुकट मिळते हो!

दादा, ५० चा टँटलम नसेल तर नाही म्हणा. ॲल्युमिनियमचा ५० चा द्या. आडवा झोपवून, पाय वाकवून बसवतो आम्ही. २५ चा मात्र हातावर ठेवू नका.