वायर हाय की!

आज सकाळी दूधवाल्यानं पातेल्यात दूध ओतता ओतता विचारलं, "झाला का कॉम्प्युटर दुरुस्त?" म्हणजे शेजारच्या आप्पांनी गल्लीभर सांगितलंय.

बिघडला नव्हता हो! ब्लूटूथ हेडफोनचं कनेक्शन सारखं तुटत होतं, माझ्या उबंटू २२.०४ ह्या लिनक्सवर ब्लूटूथ सांभाळणारं ब्लूझ ५.६४ येतं, म्हटलं नवं ५.७९ सोर्स कोडवरून स्वतःच कंपाईल करू, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवू, अर्ध्या तासाचं काम. आधी सगळं सामान आहे का तपासणारं कॉन्फिगर कधी डीबस नावाची लायब्ररी नाही म्हणून अडतंय, कधी रीडलाइनच्या हेडर फाइली नाहीत म्हणून, आणि आरएसटीटूमॅन कशाला, तर मॅन्युअल तयार करायला, जे मी जन्मात वाचणार नाही.

शेवटी मेक, म्हणजे प्रत्यक्ष कंपाईल करणं, सुरू झालं आणि शेजारचे आप्पा भडंगाची वाटी घेऊन आले. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर. स्क्रीनवर सीसी, सीसी, सीसी करत ओळी पळत होत्या, त्यांनी खुर्चीच ओढली.

"आपोआप टाईप व्हतंय? व्हायरस हाय?"

"नाही आप्पा, ब्लूटूथ बनवतोय."

"घरात? इकत मिळत न्हाई व्हय?"

मग मी उगाच भारावून सांगायला गेलो की हे नाव दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हॅराल्ड 'ब्लूटूथ' राजावरनं पडलंय, त्यानं माणसं जोडली म्हणून.

"मग तुझं का तुटतंय?" भडंगातला शेंगदाणा शोधत आप्पा म्हणाले. "ह्या हेडफोनला वायरचं भोक न्हाई?"

"आहे."

"मग?"

ह्या 'मग'ला उत्तर नव्हतं, अजून नाही, राग त्याचाच आहे. वर ऐकवलं, "आमी इंजिन खोलायच्या आधी डिझेल हाय का बघायचो."

मेक इन्स्टॉल झालं, सर्व्हिस रीस्टार्ट केली आणि ब्लूटूथवरचा माऊस मेला. लोकलस्टेटडिर, म्हणजे प्रोग्रामनं आपली माहिती कुठल्या फोल्डरात ठेवायची तो पाथ, द्यायचा राहिला होता, त्यामुळं नवीन ब्लूटूथ जुन्या ओळखी भलत्याच फोल्डरात शोधत बसलं, हेडफोन गेला, माऊस गेला, आणि टचपॅड तर दिवाळीपासूनच बंद. एवढी साधी गोष्ट, जुनं फोल्डर समोर असताना एकदा विचारावं तरी ना माणसाला! आप्पा उठले, घरी गेले आणि नातवाचा जुना माऊस घेऊन आले. वायरवाला. काही बोलले नाहीत, नुसता ठेवला.

रात्री दीडला सगळे पाथ नीट देऊन परत कंपाईल केलं. हेडफोन जोडलाय, अजून तरी तुटला नाही. सकाळी माऊस परत द्यायला गेलो तर दारातनंच म्हणाले, "ऱ्हाऊ दे, लागंल परत."