पोच घेतली का?

आज दुपारी दुकानात एक दादा आले. भाजी मार्केटला टेम्पो चालवतात, ते त्यांनी सांगायच्या आधीच कळलं होतं, शर्टाच्या खिशाला कोथिंबिरीची काडी चिकटली होती. हातात फाईल. म्हणाले ताई एक प्लॅस्टिकची पिशवी असेल तर द्या, पावसात भिजेल, आणि लगेच स्वतःच म्हणाले, भिजली तरी काय आता, नाही म्हणाले ते.

कोण नाही म्हणालं?
पडताळणीतले साहेब. पोराचा आरटीईला, म्हणजे खासगी शाळेतल्या फुकट जागांच्या लॉटरीत, नंबर लागला होता. मॅपमध्ये घर भलतीकडे दाखवलंय म्हणे.
लेखी दिलं का?
नाही ओ ताई, तोंडीच. पुढच्या वर्षी बघा म्हणाले. जाऊ द्या.

हे "जाऊ द्या" ऐकलं आणि माझं डोकं जे फिरलंय ते अजून जागेवर आलेलं नाही, म्हणून रात्री साडेदहाला भांडी तशीच ठेवून हे टाईप करतेय. पोस्ट मोठी होणार आहे, आधीच सांगते.

पुढच्या वर्षी काय बघायचं? आरटीईचा प्रवेश शाळा जिथून सुरू होते त्या वर्गात मिळतो, पहिलीत नाहीतर त्याच्या खाली. यंदा पहिलीला बसलेलं पोर पुढच्या वर्षी दुसरीत असतं. हे त्या साहेबांना माहीत नाही असं तुम्हाला वाटतं का? माहीत असतं. पण "पुढच्या वर्षी बघा" म्हटलं की माणूस फाईल उचलतो आणि समोरची खुर्ची रिकामी होते, एवढंच पाहिजे असतं.

माझं स्वतःचं सांगते. काहींनी तुकड्या तुकड्यात ऐकलंय, आज सगळं ऐका.

मी झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मच्या दुकानात काम करते. सीझनला आरटीईचे रोज पंचवीस तीस फॉर्म माझ्या हाताने जातात, कुठला कागद चालतो कुठला नाही हे मला झोपेत विचारा. आणि माझ्याच लेकीचं नाव कागदावरून उडवलं. म्हणजे न्हाव्याच्याच डोक्याला चाई.

साल २०२४. ज्यांची पोरं त्या वर्षी पहिलीला होती त्यांना आठवतच असेल काय तमाशा झाला. ९ फेब्रुवारीला सरकारने नियम बदलला, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर तिथल्या खासगी शाळेने आरटीईला २५ टक्के जागा द्यायची गरज नाही. आता आपल्या शहरात एक किलोमीटरच्या आत महापालिकेची शाळा नाही अशी जागा दाखवा बरं. एप्रिलमध्ये फॉर्म सुरू झाले तर यादीत जिकडे तिकडे सरकारी आणि अनुदानित शाळाच. माझ्यासमोर आया स्क्रीनकडे बघत बसायच्या, मला म्हणायच्या ताई खाली सरकवा ना, खाली असतील. खाली काही नव्हतं. मग ६ मे ला हायकोर्टाने त्या नियमाला स्टे दिला, १७ मे पासून सगळे फॉर्म पुन्हा नव्याने, ७ जूनला लॉटरी काढली पण निकाल दाबून ठेवला, कारण कोर्टात केस चालू. १९ जुलैला कोर्टाने तो नियमच रद्द केला आणि २० जुलैला यादी लागली. शाळा जूनमध्येच सुरू झालेल्या.

यादीत माझ्या लेकीचं नाव होतं! घरापासून सातशे मीटरवरची शाळा. मी दुकानातच रडले, गिऱ्हाईक समोर उभं असताना.

आता गंमत ऐका. आम्ही भाड्याने राहतो, त्यामुळे पत्त्याचा पुरावा म्हणजे रजिस्टर केलेला भाडेकरार. आमचा करार ऑगस्ट २०२३ चा, ११ महिन्यांचा. मे मध्ये फॉर्म भरला तेव्हा व्यवस्थित चालू होता. पण हे सगळं कोर्टकचेरीचं होऊन पडताळणीला जायला जुलैचा शेवट उजाडला, आणि तोवर करार संपून आठवडा झाला होता. मालक काका लातूरला गावी, त्यांचा अंगठा घ्यायला एजंट मशीन घेऊन गेला, नवा करार झाला, तोही मी फाईलला लावला. दोन्ही लावले. मला वाटलं शहाणपणा केला.

पडताळणीवाल्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. जुना बघून म्हणाले हा संपलाय. नवा बघून म्हणाले हा फॉर्म भरल्यानंतरचा आहे, हा चालत नाही. मी म्हटलं सर, म्हणजे मी मे महिन्यात राहत होते कुठे? तर म्हणाले ते आम्हाला काय माहीत, कागद बोलतो.

कागद बोलतो! अरे मग बोलू द्या ना त्याला. नियमात काय होतं, करार रजिस्टर पाहिजे, फॉर्म भरायच्या आधीचा पाहिजे, ११ महिन्यांचा किंवा जास्त पाहिजे. तिन्ही होतं. पडताळणीच्या दिवशीपण तो जिवंत पाहिजे असं मला कुठे दिसलं नाही, आणि मी ती पीडीएफ पन्नास वेळा प्रिंट केलीय लोकांना. दोन महिने उशीर तुम्ही केला आणि करार माझा संपला.

मला माहितीये आता कोणीतरी म्हणेल खोटे करार करून मोठमोठ्या गाड्यांतले लोक आरटीईत घुसतात, मग तपासायला नको का. घुसतात. नागपुरात तर खोट्या कागदांवरून पालकांवर गुन्हे दाखल झाले. दुकानात माझ्याकडेपण येतात असे, हातात आयफोन आणि उत्पन्नाचा दाखला लाखाच्या आतला. तपासा की, जरूर तपासा. पण त्यांचे कागद कसे इस्त्री केलेले असतात, बरोबर तारखेचे, एजंटने लावून दिलेले. अडकतात खरे कागदवाले, कारण खऱ्या कागदाला कुठेतरी सुरकुती असतेच.

तर मी बाहेर आले. पोर बरोबर होती, सुट्टी टाकून कोणाकडे ठेवणार. ती व्हरांड्यात बिस्किटाचा पुडा खात बसलेली, मला म्हणाली मम्मी शाळा मिळाली? मी म्हटलं चल घरी. हो, मीच म्हटलं. रोज लोकांना अक्कल शिकवणारी मी, मीपण चल घरी म्हणाले. म्हणून त्या दादांचा राग नाही येत मला, तुम्हाला सांगते, त्या खुर्चीसमोर उभं राहिलं की माणसाचा आवाजच जातो.

जिन्यात एक शिपाईकाका भेटले, चहाचे कप घेऊन वर चाललेले. नाव नाही घेत. पोरीकडे बघून म्हणाले काय झालं. मी सांगितलं. म्हणाले लेखी मागितलं का? नाही. मग एक अर्ज द्या शिक्षणाधिकाऱ्यांच्या नावाने, आणि बाई, पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय हलू नका. आणि वर गेले चहा घेऊन. त्या माणसाला मी पुन्हा कधी बघितलं नाही, पण देव कसा दिसतो कोणी विचारलं तर मी सांगेन, खाकी शर्ट आणि हातात सहा कप.

दुकानात जाऊन अर्ज टाईप केला. विषय: पडताळणीत प्रवेश नाकारल्याबाबत फेरतपासणी होणेबाबत. एक पान. करार कधीपासून कधीपर्यंत, फॉर्म कुठल्या तारखेला, यादी कुठल्या तारखेला, सगळं ओळीने. शेवटी लिहिलं की माझा अर्ज मान्य नसेल तर कारण लेखी द्यावं. आणि शिक्षण हक्क कायद्याचं कलम ३२ टाकलं. ते लक्षात ठेवा कुठेतरी, पोराच्या हक्काबद्दल लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते, त्यांनी ३ महिन्यांच्या आत निर्णय द्यायचा, आणि तो पटला नाही तर राज्याच्या बाल हक्क आयोगाकडे अपील. तीन महिने म्हणजे तोवर सहामाही उजाडते ते सोडा, पण कलम लिहिलं की कागद वाचला जातो एवढं मी बघितलंय.

मग आवक-जावकला गेले. तिथले भाऊ म्हणाले ठेवा, देतो साहेबांना. मी म्हटलं पोच. म्हणाले कशाला, आम्ही खातो का कागद? मी म्हटलं शिक्का मारा दुसऱ्या कॉपीवर. खूप वेळ ड्रॉवर उघड बंद केला, मग पॅड काढलं, वाळलेलं, त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले, आणि मारला एकदाचा शिक्का, जांभळा, अर्धवट. मी उजेडात धरून बघितला तर तारीख आदल्या दिवशीची! शिक्क्याची चाकंच फिरवली नव्हती सकाळपासून. म्हणजे दुपारचे तीन वाजेपर्यंत त्या ऑफिसात आलेला प्रत्येक कागद कालच आलेला होता. मी म्हटलं भाऊ तारीख चुकली. ते म्हणाले एका दिवसाने काय होतंय?

एका दिवसाने काय होतंय!! माझा करार आठवड्याने गेला म्हणून पोरीची शाळा जाते आणि तुमचा शिक्का एक दिवस मागे असला तर काय होतंय?

हे मी मोठ्याने बोलले का मनात, खरंच आठवत नाही. पण त्यांनी नखाने ते चाक फिरवलं, पुन्हा मारला, सही केली, आवक नंबर टाकला. तो कागद अजून आहे माझ्याकडे. एकावर एक दोन शिक्के आहेत त्यावर, खालचा कालचा, वरचा आजचा.

पुढचं थोडक्यात. एकोणीस दिवस. तीनदा चकरा, प्रत्येक वेळी तो कागद दाखवायचा, आवक नंबर वाचायचा, तेव्हा फाईल सापडायची. नंबर नसता तर सापडली नसती, शपथेवर सांगते. विसाव्या दिवशी साहेबांसमोर. साहेब वयस्कर, चष्मा कपाळावर. दोन्ही करार बघितले, फॉर्मची तारीख बघितली, म्हणाले हा भरताना चालू होता ना? मी म्हटलं हो. म्हणाले मग अडचण काय आहे? आणि सही केली. दोन मिनिटं लागली नसतील. मला आनंद व्हायच्या आधी इतका राग आला की विचारू नका. दोन मिनिटांचं काम होतं, तर माझी पोर वीस दिवस खिडकीत उभी राहून शेजारच्या पोरांच्या स्कूलबस का मोजत होती?

ऑगस्ट संपताना शाळेत बसली. पहिल्या दिवशी युनिफॉर्म नव्हता, पिवळा फ्रॉक घालून गेली, आणि निळ्या चौकडीच्या पोरांत ती एकटी पिवळी. घरी येऊन म्हणाली मम्मी मी लगेच सापडते. मी हसले. रात्री नाही हसले.

शाळेबद्दल वाईट बोलणार नाही. बाई चांगल्या आहेत, मागचा अभ्यास करून घेतला. आणि शाळांचं रडगाणंपण खोटं नाही, सरकार आरटीईच्या एका मुलामागे शाळेला वर्षाला १७,६७० रुपये धरतं आणि तेही वेळेवर देत नाही, थकवतं. मग शाळावाले आपल्याकडे बघून तोंड वाकडं करतात. पण ते भांडण त्यांचं आणि सरकारचं, त्यात माझ्या पोरीच्या डब्याकडे बघून "फ्री वाली" म्हणायचं काय कारण? (हे एका आईने म्हटलंय, गेटवर, मला ऐकू जाईल असं. ती फ्रेंडलिस्टमध्ये आहे. वाच ताई.)

आता परत त्या दादांकडे. मी त्यांचा फॉर्म उघडून बघितला. बलून, म्हणजे मॅपवरची घराची खूण, घरावर नाही, खरंच अलीकडच्या चौकात पडलाय, दोन अडीचशे मीटर इकडे. पण शाळा दोन्हीकडून एक किलोमीटरच्या आतच येते! म्हणजे बलून घरावर असता तरी अंतरावरून नंबर लागायचा जो गट ठरतो त्यात काहीच फरक पडला नसता. आणि हा बलून टाकला कोणी? दादांनी नाही. आमच्यासारख्याच कुठल्या तरी दुकानातल्या पोराने, गर्दीत, साईट हँग होत असताना, पन्नास रुपये घेऊन. माझ्या हातून असं कधी झालंच नसेल असं मी छातीवर हात ठेवून नाही म्हणू शकत. झालं असेल. आणि तेव्हा एखादी बाई अशीच चल घरी म्हणाली असेल पोराला.

ते आठवून मग जरा गप्प बसले मी.

दादांना म्हटलं बसा. अर्ज टाईप केला, मॅपच्या दोन प्रिंट काढल्या, एक चौकातून, एक घरातून, दोन्हीवर पेनाने अंतर लिहिलं. वीजबिल लावलं. ते सारखे विचारत होते, ताई हे दिल्यावर चिडणार नाहीत ना ते? पोराचा काही राग नाही ना धरणार? सहा फुटी माणूस, पहाटे तीनला उठून एकटा टेम्पो भरतो. मी म्हटलं चिडू द्या. दोन कॉपी आहेत, एक त्यांची, एक तुमची. तुमच्या कॉपीवर शिक्का. आणि शिक्क्यावरची तारीख तिथेच, त्यांच्यासमोर वाचायची, मोठ्याने.

पैसे विचारले. मी फक्त झेरॉक्सचे घेतले, मालक ही पोस्ट वाचत असतील तर उद्या बोलू.

पाच वाजून दहा मिनिटांनी व्हॉट्सअॅपवर फोटो आला, मेसेज काही नाही, नुसता फोटो. हललेला, अंगठा मध्ये आलेला. शिक्का जांभळाच आहे, अर्धवटच आहे. झूम करून दोनदा बघितलं.

तारीख आजचीच आहे.