विमान पाहावे बांधून

दोन इंजिनांचं लष्करी मालवाहू विमान बनवायचं मनात आलंय? उत्तम. त्यात तुम्ही नाशिककर, म्हणजे अर्धं काम झालंच. ओझरला एचएएलचा, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा, विमान कारखाना १९६४ पासून आहे, मिग-२१ पासून सुखोई-३० पर्यंत विमानं तिथून उडाली आहेत, आणि मिसळीच्या टेबलावर कुणाचा ना कुणाचा मामा तिथून रिटायर झालेला निघतोच. सल्ल्याला तोटा नाही.

फक्त एक करा, सुरुवात विमानापासून करू नका. सुरुवात कराराने करायची. भारत आणि रशियाने २००७ साली असा करार केला. २०१० मध्ये निम्म्या-निम्म्या वाट्याची कंपनी काढली. वीस टन माल, दोन जेट इंजिनं, सगळं ठरलं. मग विषय निघाला, इंजिन कुठलं? साखरपुडा झाला, हॉल बुक झाला, आणि मग पत्रिका बघायला घेतली. रशियाकडे हाताशी होतं ते इंजिन आपल्याला चालेना. आपल्याला पूर्ण डिजिटल नियंत्रणाचं हवं होतं, शिवाय उन्हात आणि उंचावर दम न सोडणारं. मागणी रास्तच होती. लेहची धावपट्टी दहा हजार फुटांच्या वर, हवा विरळ, त्यामुळे इंजिनाची ताकद घटते आणि पंखांना उचलही कमी मिळते. पण हे लेह २००७ मध्येही तिथेच होतं, असं बैठकीत बोलून दाखवू नका. काही वर्षांनी दोघांनी आपापली वाट धरली.

विमान झालं नाही म्हणून जीव टांगणीला लावू नका. जुनं आहे की! एएन-३२ हवाई दलात १९८४ पासून राबतंय. जवळून बघा, इंजिनं पंखांच्या खाली नाहीत, वर बसवलीत. प्रोपेलर मोठे, ते जमिनीला लागू नयेत आणि कच्च्या धावपट्टीवरचे खडे आत ओढले जाऊ नयेत म्हणून. ज्याने हे केलं त्याने इंजिनाचा विचार आधी केला होता. असल्या उतावीळ माणसाला समितीवर घेऊ नका.

आणि हवाई दलाचं त्याहून जुनं मालवाहू, ॲव्हरो? कानपूरला जोडलेलं पहिलं १९६१ मध्ये उडालं. मागे रॅम्प नाही, माल बाजूच्या दारातून चढवायचा. ते बदलायला २०१२ मध्ये मंजुरी मिळाली. टेंडरला बोली आली एकच, मग त्या एकटीचं करायचं काय, यावर निवांत विचार झाला. ५६ सी-२९५ विमानांचा करार झाला २०२१ मध्ये. सोळा स्पेनहून तयार, चाळीस वडोदऱ्याला. हो, वडोदऱ्याला. त्यावर २०२२ मध्ये आपल्याकडे रण पेटलं, प्रकल्प नागपूरच्या मिहान या उद्योगक्षेत्रात येणार होता की नव्हता म्हणून. विमानं बांधायची सवय असलेलं ओझर कुणाच्या भाषणात फारसं आलं नाही. तुम्हीही आणू नका, नागपूरकर रागावतील.

ओझरची उपेक्षा झाली असंही म्हणू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथे तेजस या लढाऊ विमानाच्या तिसऱ्या उत्पादन साखळीचं उद्घाटन झालं. तेजसची नवी आवृत्ती रखडली कशामुळे, ओळखा बघू. अमेरिकेहून इंजिनं यायला उशीर झाला.

मधल्या काळात हवाई दलाने १८ ते ३० टन माल नेणाऱ्या नव्या विमानासाठी पुन्हा माहिती मागवली आहे. तेव्हा लागा तयारीला. प्रस्ताव जाड कागदावर छापा, बोधचिन्ह रंगीत ठेवा, इंजिनाचा रकाना कोरा सोडा.