काटा मधोमध होता आणि टाकी फुटली: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

ई३९ ची, म्हणजे बीएमडब्ल्यूच्या जुन्या ५ सिरीजची, कूलिंग सिस्टीम घरच्या घरी कशी बदलावी, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया काल संध्याकाळी वाचली. लगेच उत्तर दिलं असतं तर नको ते शब्द गेले असते, म्हणून एक रात्र मध्ये जाऊ दिली.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपलं म्हणणं असं, की तापमानाचा काटा मधोमध असेल आणि खाली थेंब पडत नसेल, तर चालू गाडी उघडायची कशाला? सगळं एकदम बदललं की मुळात काय बिघडलं होतं ते कळत नाही. बाजारातले नवे पार्ट जुन्या मूळ पार्टच्या आधी जातात. इंजिन ब्लॉकचा ड्रेन बोल्ट (कूलंट बाहेर काढायचा) मी विसरलो. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं: 'असे हौशे-नवशे पाने हातात घेतात आणि चांगल्या गाड्यांची वाट लावतात.'

ड्रेन बोल्टचं आधी सांगतो, कारण ते आपलं बरोबर आहे. रेडिएटरचा खालचा प्लग सोडला की कूलंट निघतं, पण सगळं निघत नाही; बराच भाग ब्लॉकमध्येच राहतो. त्यासाठी एक्झॉस्टच्या बाजूला ब्लॉकवर वेगळा बोल्ट आहे आणि तो सोडायलाच हवा. मी तो त्या दिवशी सोडला होता, लिहायचा राहिला. आज लेखात तो परिच्छेद घातला आहे, नवं वॉशर घालून २५ न्यूटन-मीटरवर आवळायचा हेही लिहिलं आहे. चूक दाखवल्याबद्दल आभार.

पण हेच आपल्याला एका ओळीत सांगता आलं असतं. 'ब्लॉकचा ड्रेन राहिला, तेवढं घाला' एवढं लिहिलं असतंत तर मी आपल्याला चहाला बोलावलं असतं. हौशे-नवशे कशाला? माझ्या लेखाखाली बरेच जण पहिल्यांदा प्रश्न विचारतात. टॉर्क रेंच कसा धरायचा, जॅकखाली लाकडी फळी ठेवायची की नाही, असे साधे प्रश्न. विचारायला आधीच संकोचलेली ही माणसं असतात. त्यांच्या डोळ्यांदेखत आपण हे लिहिलंत. माझा अपमान मी गिळीन, पण त्यातला एक जण जरी पुढच्या वेळी गप्प बसला तर त्याचं काय?

आणि हौशे म्हणजे कोण? माझे वडील टर्नर होते. तीस वर्षं लेथवर उभे राहिले. मी नववीत असताना त्यांनी माझ्या हातात मायक्रोमीटर दिला आणि एका पिनचा व्यास दहा वेळा मोजायला लावला. दहाही आकडे सारखे येईपर्यंत जेवायला उठू दिलं नाही. माझी ई३९, म्हणजे ५३०आय, २००२ ची आहे, अकरा वर्षं माझ्याकडे आहे. तिचा प्रत्येक बोल्ट कधी उघडला, किती किलोमीटरवर, कोणत्या टॉर्कला बंद केला, हे एका वहीत आहे. वही आता दुसरी चालू आहे. हे मी मिरवत नाही. पण कुणी मला 'पाने हातात घेतलेला' म्हणणार असेल, तर ते पाने कुठून हातात आले तेही त्याने ऐकून घ्यावं.

आता काट्याबद्दल. हे मी सविस्तर लिहिणार आहे, कारण तुमच्या सगळ्या प्रतिक्रियेत सगळ्यात धोकादायक वाक्य तेच आहे आणि तुम्ही ते सगळ्यात सहज लिहिलंय.

या गाडीच्या मीटरमधला तापमानाचा काटा खरं तापमान दाखवत नाही. साधारण ७५ अंशांपासून ११५ अंशांपर्यंत तो मधोमध गप्प उभा राहतो, तसा तो मुद्दामच बसवलेला आहे. चाळीस अंशांचा फरक पडला तरी तो केसभर हलत नाही. हलतो तेव्हा फार थोडा वेळ हातात उरलेला असतो. खरा आकडा पाहायचा असेल तर मीटरच्या लपवलेल्या चाचणी-मेनूत सातव्या क्रमांकावर तो अंशांत दिसतो. मेनूला कुलूप असेल तर आधी एकोणिसाव्या क्रमांकावर जाऊन ते काढावं लागतं. नाहीतर गाडीच्या संगणकाला जोडायचा ओबीडीचा साधा रीडर लावा. मी गेली कित्येक वर्षं काट्याकडे बघतच नाही, आकडा बघतो.

दुसरी गोष्ट, हे इंजिन मुळातच गरम चालतं. माझ्या गाडीतल्या एम५४ इंजिनचा थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप, ९७ अंशांचा आहे. कमी भारावर इंजिन गरम राहिलं तर इंधन कमी लागतं, म्हणून तो तसा ठेवलाय. भार वाढला की संगणक त्यातला हीटर तापवून थर्मोस्टॅट लवकर उघडतो. कल्पना चांगली आहे. पण त्या उष्णतेत वर्षानुवर्षं कोण उकडतं? एक्स्पान्शन टाकी (वाढलेलं कूलंट सामावणारी), रेडिएटरच्या दोन्ही बाजूंचे डबे, नळ्यांची तोंडं, हवा काढायचा तो छोटा स्क्रू. सगळं नायलॉन. गरम ग्लायकोल-पाणी, वर साधारण २ बारचा दाब, रोज तापणं, रोज निवणं. असं नायलॉन हळूहळू गळत नाही. ते आतून ठिसूळ होत जातं आणि एक दिवस शिवणीवर उभं फाटतं. म्हणजे तुम्ही ज्या 'खाली थेंब नाही' वर विसंबता, तो थेंब बहुतेकदा येतच नाही. थेट लोट येतो.

आणि फाटलं की दाब क्षणात शून्यावर. दाबाखाली द्रव राहिलेलं कूलंट हेडमधल्या, म्हणजे सिलिंडरांवरच्या भागातल्या, सगळ्यात तापलेल्या जागी तिथल्या तिथे उकळतं. सेन्सर द्रवात बुडालेला असतो तोवरच खरं सांगतो. वाफेत उघडा पडला की त्याच्या सांगण्यावर काय भरवसा? काटा मात्र मधोमध.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. गाडी घेतल्यावर दुसऱ्या वर्षी मी ती एका गॅरेजमध्ये दाखवली होती. टाकीच्या शिवणीवर एक पांढरट रेघ दिसत होती, वाळलेल्या मिठासारखी. मी बोट ठेवून दाखवली. उत्तर तुमचंच होतं, अक्षरशः तुमचंच: काटा मधोमध आहे, गळत नाही, बिनधास्त चालवा. तीन आठवड्यांनी बॉनेटच्या कडेने वाफ आली. मी काट्याकडे पाहिलं, मधोमध. म्हणून पुढच्या वळणापर्यंत, सुरक्षित जागा मिळेपर्यंत, गाडी नेली. दीड किलोमीटर असेल. तेवढं पुरलं.

हेड काढलं, त्यावर सरळपट्टी ठेवली तर मधल्या सिलिंडरांपाशी फीलर गेजचं (फट मोजायचं) पातं खालून आरपार गेलं. हेड प्लेन करून आणलं, नवी गॅस्केट, नवे बोल्ट. या इंजिनचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे, हेडचे बोल्ट ताणून बसणारे आहेत: आधी ४० न्यूटन-मीटर, मग ९० अंश, मग पुन्हा ९० अंश. शेवटच्या ९० अंशांत पाना जड जड होत जायला हवा. सहाव्या बोल्टला तो मध्येच हलका पडला. एवढंच झालं, आवाजसुद्धा नाही. बोल्ट बाहेर काढला तर त्याच्या आट्यांत ब्लॉकचं ॲल्युमिनियम स्प्रिंगसारखं गुंडाळून आलं होतं. तो तुकडा मी अजून ठेवलाय, काडेपेटीत. पुढे सगळ्या भोकांत नवे स्टीलचे आटे बसवले, त्यात कितीतरी सुट्या गेल्या. चालू गाडी न उघडण्याची किंमत ही होती. आणि तुम्ही मला सांगता, उघडायची कशाला!

वाट कुणी लावली होती, साहेब? हौशाने?

ज्याच्या हातात गाडी तासभर असते तो तिला तासभरच बघणार. तो वाईट असतो असं मी म्हणत नाही. पण ती पांढरी रेघ मला दिसली होती, कारण मी दर रविवारी बॉनेट उघडतो. घरी काम करणाऱ्याकडे वेळ असतो, तेवढंच त्याच्याकडे जास्त असतं, आणि जुन्या गाडीला पार्टपेक्षाही तोच जास्त लागतो.

कूलंट फिरवणाऱ्या पंपाचंच घ्या. समोरच्या पंख्याच्या क्लचचं ३२ चं नट उलट्या आट्याचं आहे, घड्याळाच्या दिशेने सुटतं. घाईत असलेला माणूस नेहमीच्या दिशेने जोर लावतो आणि ते आणखी आवळतो. नंतर पंपाचे चार नट काढले तरी पंप जागेवरून हलत नाही. तो बाहेर यावा म्हणून त्याच्याच कानांत एम६ चे दोन आटे कापून ठेवलेले आहेत. त्यांत दोन बोल्ट घालायचे आणि आळीपाळीने, अर्धा अर्धा फेरा देत आवळायचे. पंप सरळ, तसूतसूने बाहेर येतो. ज्याला हे ठाऊक नसतं किंवा ज्याला वेळ नसतो तो स्क्रूड्रायव्हर घालून उचकटतो आणि बसायची जागा ओरबाडून ठेवतो. माझ्या गाडीच्या टायमिंग कव्हरवर असा एक ओरखडा आहे. मी घेतली तेव्हापासून आहे. ते काम कुणा हौशाचं नव्हतं, बिलासकट झालेलं होतं.

कूलंटमधली हवा काढतानाही तेच. चावी दुसऱ्या टप्प्यावर, हीटर पूर्ण गरम, पंखा सगळ्यात हळू, स्क्रू उघडा, आणि बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत सावकाश ओतत राहायचं. मला पहिल्यांदा चाळीस मिनिटं लागली होती. तासाचे पैसे घेणारा चाळीस मिनिटं धार बघत उभा राहील का, हे तुम्हीच सांगा.

बाकी मुद्द्यांवर मला फार बोलायचं नाही. सगळं एकदम का बदललं? कारण सगळं एकाच वयाचं होतं आणि एकाच कूलंटमध्ये उकडलेलं होतं; टाकी गेली तिथे रेडिएटरची बाजू फार मागे नसते. बाजारातले पार्ट लवकर जातात हे काही पार्टबद्दल खरं असेल, मी कोणता घ्या ते लेखात लिहिलेलं आहे, वाचलं असेल तर दिसलं असेल. पंपाचं इम्पेलर (आतलं फिरतं चक्र) धातूचं की कंपोझिट, या वादात मी पडणार नाही, त्यावर लोक रात्री जागवतात.

तुम्ही प्रतिक्रियेत लिहिलंय की तुमच्याकडेही याच वर्षांतली ई३९ आहे आणि तिची टाकी 'कधीच बदलावी लागली नाही'. मग एक करा. इंजिन पूर्ण थंड असताना बॉनेट उघडा. टाकीच्या प्लास्टिकवर साच्याचा एक छोटा गोल शिक्का असतो, आत वर्ष आणि महिन्याकडे बाण. टॉर्च लावून ते वर्ष वाचा. मग शिवणीवरून नख फिरवा, वरून खालपर्यंत, रेडिएटरकडच्या बाजूलासुद्धा. पांढरं काही लागलं तर फोटो काढून इथे टाका. वर्ष जे निघेल तेही लिहा. तुमची कालची प्रतिक्रिया मी काढणार नाही, ती राहू दे.